चूक वाचता येणारा शिक्षक : वाचन-लेखन विकासासाठीच्या मराठी शिक्षकोपयोगी साहित्याची चिकित्सा

प्रास्ताविक

प्राथमिक स्तरावरील विद्यार्थ्यांमध्ये वाचन व लेखन कौशल्यांचा विकास कसा घडवून आणावा, यासंबंधी शिक्षकांना मार्गदर्शन करणारे साहित्य मराठीत फारसे नाही, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. हा प्रघात पूर्णतः सत्याला धरून नाही. बालशिक्षण चळवळीतून निर्माण झालेले ग्रंथ, अन्य भाषांतून आलेले अनुवाद, शासनाच्या हस्तपुस्तिका, स्वयंसेवी संस्थांचे कृतिसंच, प्रशिक्षणवर्गांत वाटले जाणारे घटकसंच आणि अलीकडे शिक्षकाच्या भ्रमणध्वनीवर दररोज येऊन पडणाऱ्या पीडीएफ प्रती, असा मोठा पसारा उपलब्ध आहे. अभाव आहे तो एका विशिष्ट प्रकारच्या साहित्याचा. तो कोणता, हे स्पष्ट होण्यासाठी प्रथम एक प्रसंग नोंदवणे आवश्यक वाटते.

आंतरवासितेच्या काळात छात्राध्यापकांच्या पाठांचे निरीक्षण करण्यासाठी प्रस्तुत लेखिका नागपूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, भंडाऱ्याच्या सीमेलगत असलेल्या एका शाळेत गेली होती. इयत्ता तिसरीतील एक मुलगी उतारा वाचत होती. ‘फळा’ हा शब्द तिने ‘फरा’ असा वाचला, ‘पाणी’चे ‘पानी’ केले आणि ‘शाळेत’ या शब्दाचा उच्चार ‘सारेत’ असा केला. छात्राध्यापिकेने तिन्ही शब्दांखाली लाल रेघ ओढली व नोंदतक्त्यात लिहिले : अक्षरओळख अपूर्ण, ळ, ण, श यांचा सराव आवश्यक. प्रस्तुत लेखिकेने त्या नोंदीवर स्वाक्षरी केली. स्वाक्षरी करताना त्याच मुलीची श्रुतलेखनाची वही समोर उघडी होती आणि तीत ‘फळा’, ‘शाळा’, ‘पाणी’ हे तिन्ही शब्द बिनचूक लिहिलेले होते. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध लक्षात आला तो परतीच्या बसमध्ये. त्या मुलीला अक्षरे येत होती. डोळ्यांनी ओळखलेले अक्षर तिच्या तोंडून तिच्या बोलीत बाहेर पडत होते, एवढेच. तिला ‘अक्षरओळख अपूर्ण’ असलेल्या गटात टाकण्यात आले आणि पुढील काही आठवडे ती मुलगी तिला येत असलेल्या अक्षरांचा सराव करीत राहिली.

छात्राध्यापिका निष्काळजी नव्हती. तिने हस्तपुस्तिका वाचलेली होती, साहित्य तयार केले होते, गटरचना केली होती. मुलाची चूक कशी वाचावी, एवढेच तिला कोणत्याही पुस्तकाने सांगितलेले नव्हते. तिची मार्गदर्शक म्हणून प्रस्तुत लेखिकेनेही ते सांगितलेले नव्हते. या लेखात मराठीतील शिक्षकोपयोगी साहित्याचा विचार याच एका प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे : त्या वर्गात त्या दिवशी या साहित्यापैकी काय उपयोगी पडले असते?

अनुभवकथनांची परंपरा

मराठी शिक्षकाच्या हाती येणारे पहिले दर्जेदार पुस्तक बहुधा अनुभवकथनपर असते. गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ हे या परंपरेचे आद्यरूप मानता येईल. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात १९२० पासून चाललेल्या प्रयोगांची पार्श्वभूमी या गुजराती पुस्तकाला आहे. आज अध्यापक विद्यालयांत ते वर्षभराच्या प्रयोगाचा वृत्तांत म्हणून वाचले जाते. मात्र ती एका कल्पित शिक्षकाची कथा आहे, हे विद्यार्थ्यांच्या अनेकदा ध्यानात येत नाही. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हा विचार मराठीत रुजवला. नूतन बालशिक्षण संघ (१९२६), बोर्डी (१९४५) आणि कोसबाड (१९५७) असा त्यांच्या कार्याचा प्रवास सर्वश्रुत आहे. अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक वारली मुलांच्या जगात शिरू पाहणाऱ्या शिक्षिकेची घडण सांगते. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांकडे, त्यांच्या गुरांच्या कुरणापर्यंत जावे, हा कुरणशाळेचा विचार आजही पुस्तकी वाटत नाही.

या परंपरेचे ऋण मान्य करूनही तिची मर्यादा सांगितली पाहिजे. ही पुस्तके शिक्षकाची दृष्टी बदलतात, त्याला धीर देतात. तथापि वाचन शिकण्याची प्रक्रिया मुलाच्या मनात कशी घडते, ती कोठे अडते आणि अडल्याचे कशावरून ओळखावे, याविषयी ती प्रायः मौन बाळगतात. मुले गोष्टी ऐकू लागली, आनंदी झाली, पुस्तकांच्या सहवासात आली आणि वाचू लागली, असा कथनाचा ओघ असतो. यातील ‘आणि’ या शब्दाच्या ठिकाणी नेमके काय घडले, हे जाणून घेण्याची शिक्षकाला गरज असते. निवेदनाच्या ओघात तेवढाच भाग वगळला जातो. कर्त्या शिक्षिकेला तो इतका सहज साध्य झालेला असतो की तो सांगण्याजोगा आहे, असे तिला वाटतच नसावे.

लीलाताई पाटील यांचे लेखन या दृष्टीने वेगळे ठरते. कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयाच्या (स्थापना १९८५) अनुभवांवर आधारलेल्या त्यांच्या पुस्तकांपैकी ‘लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं’ या पुस्तकाचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. लिहिणे हे मुलाचे कर्म आहे आणि ते पाहून शिक्षकाने आपले शिकवणे ठरवावयाचे आहे, ही भूमिका येथे शीर्षकापासून दिसते. मुलाच्या लेखनाकडे गुणदानासाठीचा पुरावा म्हणून न पाहता संवाद म्हणून पाहण्याची सवय त्यांनी मराठी शिक्षकाला लावली. मात्र ही सवय प्रामुख्याने आशयाविषयीची आहे. मूल काय सांगू पाहते, याकडे लीलाताई जितक्या बारकाईने पाहतात, तितक्याच बारकाईने पहिली-दुसरीतील मूल ‘सूर्य’ हा शब्द ‘सुरय’ असा का लिहिते याकडे पाहणारे पुस्तक मराठी शिक्षकाला अद्याप हवे आहे.

अनुवादित व परभाषिक साहित्याबाबत थोडक्यात एवढेच नमूद करावेसे वाटते की, त्यातील प्रत्येक पुस्तक आपापल्या लिपीच्या भूमीत उगवलेले आहे. सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांच्या ‘टीचर’ (१९६३) या पुस्तकातील माओरी मुले आपल्या भयाचे, प्रेमाचे शब्द कार्डांवर लिहून घेतात आणि त्या शब्दांपासून वाचू लागतात. ही कल्पना कोणत्याही भाषेत जिवंतच राहील. कृष्णकुमार यांची १९८६ मधील छोटेखानी पुस्तिका मुलाचे बोलणे हाच वाचनाचा पाया मानते आणि तीच आजवरची सर्वांत उपयुक्त भारतीय हस्तपुस्तिका होय, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. परंतु इंग्रजी जगात अक्षर-ध्वनी आधी की संपूर्ण शब्द आधी, हा जो दीर्घ वाद चालला, तो आपण लिपीचा विचार न करता जसाच्या तसा उचलला. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात, ही त्या वादामागील अडचण होती. मराठी मुलाची अडचण ती नाही. गंमत अशी की, पाउलो फ्रेरी यांनी ब्राझीलमधील निरक्षर प्रौढांना ‘तिजोलो’ म्हणजे ‘वीट’ या शब्दातून ‘ता-ते-ती-तो-तू’ अशी कुटुंबे काढून दाखवली, तेव्हा तो एक क्रांतिकारक शोध ठरला. आपल्या घरात बाराखडी शतकानुशतके पडून आहे आणि तिचा उपयोग आपण पाठांतरापलीकडे क्वचितच केला.

हस्तपुस्तिका, जमिनीवरील तक्ते आणि मिनिटाला साठ शब्द

दुसरा प्रकार शासकीय व संस्थात्मक मार्गदर्शिकांचा होय. अनुभवकथने दृष्टी देतात आणि पद्धत सांगत नाहीत. येथे नेमके उलट घडते. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानंतर प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे, हे उद्दिष्ट प्रथमच इतक्या स्पष्टपणे शिक्षकासमोर आले, ही गोष्ट निःसंशय महत्त्वाची आहे. त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील ज्ञानरचनावादी वर्ग पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक गेले. तेथे जे घडले होते त्यामागे शिक्षकांचा दीर्घकाळ चाललेला परस्परसंवाद होता. परत येताना अनेकांनी मात्र जमिनीवर रंगवलेले तक्ते तेवढे आणले. विदर्भातील कितीतरी शाळांच्या फरशीवर आजही बाराखडीची वर्तुळे व शब्दांचे डबे दिसतात. त्यांवर बाके मांडलेली असतात.

प्रथम संस्थेने विकसित केलेल्या चार पायऱ्यांच्या साधनाने (अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट) आणि २००५ पासूनच्या ‘असर’ अहवालांनी एक मोठे काम केले. मुले चौथी-पाचवीत जाऊनही वाचू शकत नाहीत, हे वास्तव त्यांनी नाकारता येणार नाही अशा रीतीने पुढे आणले. हे साधन गावागावांतील पाहणीसाठी, थोड्या वेळात वापरता यावे म्हणून तयार झाले. वर्गात गट पाडण्यासाठीही ते सोयीचे आहे. परंतु मूल कोणत्या पायरीवर आहे हे सांगणे आणि ते तेथे का थांबले हे सांगणे, यांत अंतर आहे. प्रारंभी वर्णिलेली मुलगी अशा साधनाने तपासली असती, तर तपासणाऱ्याच्या कानावर तिचे भवितव्य अवलंबून राहिले असते.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात इयत्ता दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द, असे अस्खलित वाचनाचे लक्ष्य दिले आहे. या लक्ष्याविषयी मराठीत जी चर्चा झाली ती बहुतांशी ‘साठ जास्त की कमी’ अशी झाली. ‘शब्द’ म्हणजे काय, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. हिंदीतील ‘घर के सामने के पेड़ के नीचे’ हे सात शब्द आहेत. मराठीत हाच आशय ‘घरासमोरच्या झाडाखाली’ असा दोन शब्दांत येतो. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाला चिकटून येतात, त्याआधी नामाचे सामान्यरूप होते आणि शब्द लांबत जातो. ‘घरासमोरच्या’ या शब्दात मुलाला सहा अक्षरे, दोन काने, एक मात्रा व काना यांची जोडी आणि एक जोडाक्षर पार करावे लागते. ‘के’ हा शब्द मात्र एका दृष्टिक्षेपात संपतो. नागपुरात मराठी व हिंदी माध्यमाच्या शाळा शेजारीशेजारी भरतात. एकाच घड्याळावर, एकाच आकड्याने दोन्हीकडच्या मुलांचे वाचन मोजले तर कोण मागे पडणार, हे सांगण्यासाठी संशोधनाची आवश्यकता नाही. २०२२ च्या ‘फाउंडेशनल लर्निंग स्टडी’ने वाचनगतीची मानके भाषानिहाय स्वतंत्रपणे निश्चित केली, म्हणजे अडचण राष्ट्रीय पातळीवर मान्य झालेली आहे. असे असूनही प्रशिक्षणात, भित्तिपत्रकांत आणि पालकसभांत शिक्षकाच्या तोंडी जो आकडा बसला, तो साठचाच.

लिपीकडे पाहणे राहून गेले

उपरोक्त दोन्ही प्रकारच्या साहित्यात देवनागरी लिपी आणि मराठी लेखनव्यवहार यांचे शिक्षकाच्या दृष्टीने केलेले विवेचन जवळजवळ नाही, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य आक्षेप आहे. लिपी ‘शास्त्रशुद्ध’ आहे, जसे बोलतो तसे लिहितो, हे वाक्य प्रत्येक पुस्तकात आढळते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही आणि मूल अडते ते नेमके जेथे ती सरळ नाही तेथेच.

चौतीस व्यंजने आणि बारा स्वरचिन्हे एवढेच धरले, तरी जोडाक्षरे सोडून चारशेच्या वर अक्षररूपे होतात. इंग्रजी मुलाची वर्णमाला सव्वीस चिन्हांवर संपते. अक्षरांची ही ओळख पहिलीच्या वर्षात आटोपत नाही, ती पुढे अनेक वर्षे चालू राहते, हे सोनाली नाग यांनी कन्नड वाचनाच्या अभ्यासातून (२००७) दाखवले आहे. आपल्या अध्यापनात मात्र मुळाक्षरे, मग काना-मात्रा, मग जोडाक्षरे अशा रांगेत मुलाला उभे केले जाते आणि अर्थपूर्ण वाक्य हाती येईपर्यंत त्याची उत्सुकता संपलेली असते. शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्कालीन ठाणे, आता पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात मराठीचा आणि कर्नाटकातील यादगीर येथे कन्नडचा तीन वर्षे अभ्यास केला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुळाक्षरांवर भर दिला जात असताना स्वरचिन्हयुक्त अक्षरे व शब्दवाचन या टप्प्यावर मुले मोठ्या संख्येने अडकतात, हे त्यातून पुढे आले. मराठी मुलांच्या वाचनाचा इतका सखोल अभ्यास दुसरा नसावा. मात्र तो इंग्रजीत लिहिला गेला. ज्या शिक्षकांच्या वर्गांविषयी तो आहे, त्यांच्या टेबलावर तो पोहोचेल अशा रूपात आणण्याचे काम हस्तपुस्तिकाकारांचे होते. गेल्या काही वर्षांत पहिलीच्या पाठ्यपुस्तकात वर्णक्रम सोडून अक्षरगटांचा क्रम आला, ही सुधारणा योग्यच आहे. तो क्रम का बदलला, हे शिक्षकाला उमगले नाही, तर तो भिंतीवरील जुन्या तक्त्यानुसार ‘अ आ इ ई’पासूनच सुरुवात करतो, असा अनुभव आहे.

येथे थोडे तपशिलात जाणे आवश्यक आहे. ‘किडा’ या शब्दात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. ‘सूर्य’मधील रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण ‘य’च्या आधी वाचावा लागतो. एकट्या ‘र’ची जोडाक्षरातील रूपे पाहिली तरी ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’ आणि ‘दुसऱ्या’ अशी चार होतात. ‘सूर्य’ला ‘सुरय’ लिहिणाऱ्या मुलाने स, र आणि य हे ध्वनी योग्य क्रमाने ऐकलेले आहेत. त्याला रफार तेवढा ठाऊक नाही. ‘सूय’ लिहिणाऱ्या मुलाला कदाचित ‘र’ ऐकूच आलेला नाही. या दोन चुका एक नाहीत आणि त्यांवरील उपायही एक नाही. शिक्षक दोन्हींना सारखीच फुली मारतो व दोघांनाही तो शब्द दहा वेळा लिहावयास सांगतो.

‘बदक’ हा शब्द लिहिताना तिन्ही व्यंजनांत ‘अ’ आहे, पण वाचताना शेवटचा ‘अ’ लोपतो. एकेक अक्षर मोठ्याने, पूर्ण उच्चारून वाचणाऱ्या मुलाला ‘ब-द-क’ मधून ओळखीचा पक्षी सापडत नाही, याचे कारण हे आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ वेगवेगळे आहेत. ‘जग’ हे नाम आणि ‘जग’ हे आज्ञार्थी क्रियापद यांतील ‘ज’ही वेगळे आहेत. लिपी हा भेद दाखवत नाही, तो अर्थावरूनच कळतो. ऱ्हस्व-दीर्घाचे तर विचारूच नये. ‘मूल’ पण ‘मुलाला’, ‘फूल’ पण ‘फुलांचा’. ‘मुलाला’, ‘मुलांनी’, ‘मुलांचे’ ही रूपे वारंवार पाहिलेले मूल ‘मुल’ असे लिहिते तेव्हा ते निष्काळजीपणा करीत नसते, पाहिलेल्या रूपांवरून नियम बांधीत असते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांत व १९७२ च्या पुरवणीत ही माहिती आहे. परंतु ते नियम काय लिहावे हे सांगतात. मूल तसे का लिहीत नाही, हे सांगणे त्यांचे काम नव्हे. ते काम शिक्षकोपयोगी पुस्तकाचे. अगदी अक्षरांच्या आकारांतही गोंधळ आहे. २००९ च्या शासन निर्णयाने देठाचा श व पाकळीचा ल प्रमाण ठरवले, वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना स्थान दिले, २०२२ मध्ये या विषयावर सुधारित निर्णयही आला; पण भ्रमणध्वनीवरून येणाऱ्या बहुतांश अभ्यासपत्रिकांत श आणि ल हिंदी वळणाचेच असतात. पुस्तकात एक ल आणि अभ्यासपत्रिकेत दुसरा ल पाहणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला दोन्ही एकच आहेत, हे कोणी सांगावे लागते.

बोलीचा प्रश्न

विदर्भात वरील अडचणीवर आणखी एक थर चढतो. पश्चिमेकडील वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. पूर्वेकडील झाडीबोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’, ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘श’च्या जागी ‘स’ येतो. ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘जात आहे’ऐवजी ‘जाऊन राहिलो’ ही रूपे नागपूरकरांना नवीन नाहीत. डॉ. व. कृ. वऱ्हाडपांडे यांनी नागपुरी बोलीचा भाषाशास्त्रीय अभ्यास केला, डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचले. हे ग्रंथ विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, त्यांवर प्रबंध झाले, बोलीतील कवितेची संमेलने भरतात. परंतु या अभ्यासातून निष्पन्न झालेली अर्ध्या पानाची एक सारणी (या भागातील मूल हे अक्षर असे उच्चारील, ती वाचनाची चूक मानू नये) कोणत्याही हस्तपुस्तिकेत आली नाही. भाषाशास्त्राचे अभ्यासक आणि शिक्षणशास्त्राचे अध्यापक एकाच आवारातील दोन इमारतींत बसतात. यात प्रस्तुत लेखिकेचाही समावेश होतो.

केनेथ गुडमन यांनी १९६० च्या दशकात मोठ्याने वाचताना होणाऱ्या चुकांना ‘चूक’ म्हणणेच नाकारले. मुलाने काय वाचले आणि छापलेले काय होते यांतील फरक म्हणजे त्याच्या मनात उघडलेली खिडकी होय, असे त्यांचे प्रतिपादन होते व बोलीमुळे पडणारा फरक त्यांनी वेगळा काढला. वाचन हे अर्थावरून केलेले अनुमान आहे, हा त्यांचा पुढचा सिद्धांत नंतरच्या संशोधनाने बराचसा नाकारला. परंतु फरकांचे वर्गीकरण करण्याची त्यांची शिस्त टिकून आहे आणि ती आपल्याला सर्वाधिक उपयोगी आहे.

गोंडी मातृभाषा असलेल्या मुलांचा प्रश्न याहून गंभीर आहे. तेथे बोलीचे नव्हे, भाषाकुलाचेच अंतर आहे. गोंडी ही द्रविड कुलातील भाषा होय. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ती याच जाणिवेतून. रामटेक तालुक्यातील देवलापार परिसरातील मराठी शाळेच्या शिक्षकाला मात्र पहिलीच्या वर्गात बसलेल्या गोंड मुलाच्या पहिल्या सहा महिन्यांसाठी काय करावे, याचे उत्तर शोधायचे असेल, तर त्याला आजही स्वतःच्या अनुभवावर विसंबावे लागते. जवळच सेवाग्रामला आनंद निकेतन (पुनरारंभ २००५) मुलांच्या अनुभवाला व हातांच्या कामाला भाषेशी जोडू पाहते. मुलाला अक्षरे लिहिण्याआधी चित्रे काढू द्यावीत, असे गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच्या वाईट हस्ताक्षराच्या निमित्ताने लिहिले आहे. नई तालीमचा वारसा वर्ध्यात असूनही वाचनारंभासाठी त्यावर आधारलेली शिक्षक-पुस्तिका विदर्भातील अध्यापक विद्यालयांच्या नित्य वापरात नाही, याची खंत वाटते.

दोन संच

माधुरी पुरंदरे यांचे ‘वाचू आनंदे’ आणि ‘लिहावे नेटके’ हे दोन संच काटेकोर अर्थाने शिक्षकांसाठी लिहिलेले नाहीत. पहिला वेच्यांचा व चित्रांचा, दुसरा लेखन-व्याकरणाच्या स्वाध्यायांचा. तरीही ‘लिहावे नेटके’ हाताळताना जाणवते की, येथे लेखिकेला मूल कोठे घसरेल हे आधीच ठाऊक आहे. स्वाध्याय त्या घसरणीच्या जागेभोवती रचलेले आहेत आणि उत्तरांचा भाग स्वतंत्र असल्याने मुलाला आपली चूक आपणच तपासता येते. भाषेचा कंटाळा न आणता नेमकेपणाचा आग्रह धरता येतो, याचे हे उत्तम उदाहरण. ‘वाचू आनंदे’मध्ये चित्र हे मजकुराचे स्पष्टीकरण म्हणून येत नाही, तेही वाचण्याची गोष्ट म्हणून येते. या संचांची मर्यादा एवढीच की, त्यांतील मूल वाचू लागलेले आहे आणि त्याची घरची भाषा प्रमाण मराठीच्या जवळची आहे. किंमत व उपलब्धता यांमुळे जिल्हा परिषदेच्या शाळांतील फार थोड्या शिक्षकांनी ते पाहिलेले असतात, हे वेगळे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील प्रतीवरही पहिली नोंद बऱ्याच उशिरा पडली, आणि ती एका छात्राध्यापिकेच्या स्वतःच्या मुलासाठी होती.

चुकांची वही

प्रारंभीच्या प्रसंगानंतर प्रस्तुत लेखिकेने आपल्या छात्राध्यापकांना पाठटिपणासोबत एक साधी वही ठेवण्यास सांगितले आहे. तीत चार रकाने असतात : काय छापले होते, मुलाने काय वाचले किंवा लिहिले, मुलाची घरची भाषा कोणती, आणि असे का झाले असावे. चौथा रकाना रिकामा सोडण्याची मुभा आहे, मात्र ‘अभ्यास कमी’ असे लिहिण्याची नाही. पहिल्या वर्षी बहुतेक रकाने रिकामेच राहिले. ज्यांनी ते भरले त्यांच्या नोंदी वाचताना असे दिसले की, छात्राध्यापकांना कारणे सुचतात, ती तपासून पाहण्यासाठी हाताशी पुस्तक नसते. ‘घर’ हा शब्द ‘घार’ वाचणारे मूल अर्थाकडे लक्ष देत नाही की त्याला काना नसण्याची खूण कळत नाही, हे ठरवण्यासाठी दुसरा कोणता शब्द वाचावयास द्यावा, असे एका विद्यार्थ्याने विचारले होते. त्याला एक पुस्तक सुचवावयाचे होते. ते सुचवता आले नाही. दोघांनी मिळून सहा शब्दांची यादी केली आणि पुढील सोमवारी तो ती घेऊन शाळेत गेला.

यंदाच्या वह्यांपैकी एकीत मौदा तालुक्यातील एका मुलाची नोंद आहे. छापील शब्द ‘काळा’. मुलाने वाचले, ‘कारा’. घरची भाषा झाडी. चौथ्या रकान्यात छात्राध्यापिकेने लिहिले आहे : बरोबर वाचले.